वर्ख, पापुद्रा आणि लोहचुंबक

शिसपेन्सिलींत शिसें नसतें. तथापि या नांवाबद्दल एकट्या मराठीस बोल लावण्याचें कारण नाहीं. बोटास काळा डाग लावणाऱ्या मऊ खनिजांस युरोपांतहि प्राचीन काळापासून शिशाचेंच नांव मिळे. त्यांपैकीं ग्राफाइट व मॉलिब्डेनाइट हीं दोन दिसण्यांत इतकीं सारखीं कीं, स्वीडनमधील रसायनज्ञ शेले यानें १७७८ सालीं त्यांतील भेद दाखवीपर्यंत पुष्कळांस तीं एकच वाटत. मॉलिब्डेनम हें धातूचें नांवसुद्धां शिशाच्या ग्रीक नांवावरूनच आलें आहे.

१९२३ सालीं डिकिन्सन व पॉलिंग यांनीं क्षकिरणांच्या साहाय्यानें मॉलिब्डेनाइटची अंतर्रचना उलगडली. गंधकाच्या दोन थरांमध्यें मॉलिब्डेनमचा एक, असा हा तिपदरी पापुद्रा. आणि अशा पापुद्र्यांची चळत म्हणजे तें खनिज. पापुद्र्याच्या आंतील बंध बळकट, पण दोन पापुद्र्यांमधील दुबळे. म्हणून अभ्रकाप्रमाणें तें सहज सुटतें. मँचेस्टर येथें गाइम व नोव्होसेलोव्ह यांनीं साध्या चिकटपट्टीच्या युक्तीनें ग्राफाइटचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा सोडविला, व त्याचें वृत्त २००४ सालीं प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं मॉलिब्डेनाइटचाहि एकेरी पापुद्रा त्यांनीं दाखविला. ग्राफाइटच्या पापुद्र्यांतून वीज भरधाव जाते, परंतु ती पुरती थांबवितां येत नाहीं. मॉलिब्डेनाइट पडलें अर्धवाहक. त्यांतील प्रवाह हवा तेव्हां चालू वा बंद करितां येतो, आणि गणकयंत्रांचा सारा व्यवहार याच चालू-बंदवर चालतो.

आतां अशा पदार्थाची योग्यता कशी ठरवावी? नुसता प्रवाह मोजून विद्युत्कण थोडे पण चपळ आहेत कीं पुष्कळ पण सुस्त, हें कळत नाहीं. ही गांठ सोडविण्याचें साधन १८७९ सालीं बाल्टिमोर येथें एडविन हॉल या तरुण विद्यार्थ्यास सांपडलें. चुंबकाचा जोर प्रवाहावर नव्हे, तर तो वाहून नेणाऱ्या धातूवर पडतो, हें मॅक्सवेलच्या ग्रंथांतील विधान त्यास पटेना. जाड धातूंत त्यास कांहींच आढळलें नाहीं. पण कांचेवर बसविलेल्या सोन्याच्या वर्खांत, चुंबकाच्या प्रभावाखालीं, प्रवाहाच्या आडव्या दिशेस विजेचा सूक्ष्म दाब दिसला. कण जितके थोडे व पत्रा जितका पातळ, तितका हा दाब अधिक. त्यावरून कणांची गणती होते. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यास तेव्हां अठरा वर्षें अवकाश होता!

२०११ सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें किस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मॉलिब्डेनाइटच्या एकेरी पापुद्र्याचा ट्रान्झिस्टर तयार केला. चालू व बंद प्रवाहांचें प्रमाण दहा कोटींस एक असें आलें. सेंटिमीटरास एक व्होल्ट दाब असतां कण सेकंदास निदान २०० सेंटिमीटर वेगानें सरकतात, असाहि हिशेब निघाला. या दुसऱ्या आंकड्यावर २०१३ सालीं फ्यूरर व होन यांनीं आक्षेप घेतला. पापुद्र्याच्या वर व खालीं जीं दोन विद्युद्द्वारें होतीं, त्यांचा एकमेकांवरील परिणाम हिशेबांत धरलेला नाहीं. त्यामुळें कणांची संख्या कमी व चपळाई जास्त भासली, असें त्यांचें म्हणणें. त्याच वर्षीं लोझानच्या मंडळींनीं स्वतः हॉलच्या पद्धतीनें केलेली मोजणी प्रसिद्ध केली, आणि नेहमींच्या तापमानाजवळ वेग पहिल्याहून बराच उणा भरला.

मग पदार्थच हलक्या प्रतीचा म्हणावयाचा काय? तसेंहि नव्हे. २०१५ सालीं होन यांच्यासह न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं हा पापुद्रा बोरॉन नायट्राइडच्या स्वच्छ पापुद्र्यांमध्यें मिटवून, अतिशीत अवस्थेंत, हॉलच्याच पद्धतीनें तपासला. सहा पापुद्र्यांच्या नमुन्यांत तोच आंकडा ३४,००० पर्यंत चढला. अडथळा पुष्कळसा पापुद्र्याच्या अंगचा नसून शेजारच्या अशुद्धतेचा होता.

ज्यांनीं फुगलेला आंकडा खोडला त्यांपैकींच एकानें पदार्थाची खरी योग्यताहि उजेडांत आणावी, ही गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. चुकीची स्तुति खोडून काढणें म्हणजे निंदा नव्हे. स्तुतीस पात्र काय आहे हें ठरविण्याचा तोच एक प्रामाणिक मार्ग होय.