गोठलेल्या चंद्रांच्या पोटातली ऊब



आपल्या अंबडजवळच पांडवलेण्यांचा डोंगर आहे. ज्या काळ्या कातळात ती लेणी कोरली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तप्त लाव्हारसाच्या रूपाने वाहत आला आणि थिजला. पृथ्वीच्या पोटातील उष्णता मात्र आजही टिकून आहे. लग्नाच्या देगेतला पुलाव कितीतरी वेळ गरम राहतो, वाटीत काढलेला लगेच निवतो. मोठ्या गोलाचे तसेच आहे.

या न्यायाने गुरू-शनीचे छोटे चंद्र कधीच थंडगार व्हायला हवे होते. बहुतेकांची समजूतही तशीच होती.

गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने १६१० साली पाहिले. त्यांपैकी गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. या तालामुळे आयो व युरोपा यांच्या कक्षा पुरत्या वर्तुळाकार होत नाहीत. चंद्र कधी गुरूच्या जवळ, कधी लांब; त्यामुळे ओढ कमीजास्त होते आणि त्याचे अंग सतत दाबले-ताणले जाते. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की चटका देते, हे कारखान्यात काम करणाऱ्या पालकांना काय सांगावे!

पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांनी हा हिशेब कागदावर मांडला. आयोचे पोट वितळलेले असावे, असा त्यांचा लेख २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. तीनच दिवसांनी व्हॉयेजर-१ हे यान गुरूपाशी पोहोचले. ८ मार्चच्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर ज्वालामुखीचा फवारा दिसला. हिशेब आधी, पुरावा मागून. असा योग विरळाच.

आयोवर पाण्याचे बर्फ नाही. शेजारच्या युरोपावर आहे, आणि त्या कवचाखाली खारा समुद्र असल्याची भक्कम चिन्हे आहेत. पण ही शेगडी एकसारखी पेटत नाही. पोट तापून मऊ झाले की कक्षा वर्तुळाकडे झुकते, ताण घटतो, उष्णता ओसरते, बर्फ जाड होते. शेजारी चंद्रांच्या ओढीने कक्षा पुन्हा लांबट झाली तर ऊबही परतते. असे हेलकावे घडत असावेत, असे काही शास्त्रज्ञ मानतात.

शनीचा मिमास तर जेमतेम ४०० किलोमीटर व्यासाचा. कॅसिनी यानाच्या मोजमापांवरून २०२४ साली असा निष्कर्ष निघाला, की त्याच्या बर्फाखालीही समुद्र आहे आणि तो अडीच कोटी वर्षांहून जुना नाही. म्हणजे आपल्या पांडवलेण्यांचा कातळ त्याच्यापेक्षा वयाने कितीतरी वडील!

ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपा क्लिपर हे यान निघाले आहे. २०३० साली गुरूपाशी पोहोचल्यावर ते युरोपाचे बर्फ किती जाड आहे, हे रडारने पाहणार आहे.