रुस्तमचा बाजूबंद

आठवीच्या वर्गात आम्ही रुस्तम-सोहराबचा किस्सा सांगत होतो. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या उर्दू शाळेत शेतमजुरांची, हमालांची, गॅरेजवाल्यांची मुले येतात. फिरदौसीचे नाव त्यांच्या कानी नसते. पण बाप-लेकाची कुस्ती म्हटल्यावर वर्ग चिडीचूप झाला. सोहराब कोसळला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ये तो 'शक्ति' की स्टोरी है!" वर्ग हसला. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र वाटले, पोरगा चुकीचे बोलला नाही.

शोकांतिका म्हणजे गडकऱ्यांचे 'एकच प्याला' (१९१९) किंवा शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (१९७०), आणि मारधाडीचा पिक्चर म्हणजे पिटातल्या शिट्ट्या, असे दोन कप्पे आपण केले आहेत. इतिहास ते मानत नाही.

फिरदौसीचा 'शाहनामा' इ.स. १०१०च्या सुमारास पूर्ण झाला. त्यात सोहराब बापाला शोधत इराणात येतो आणि रणात त्याच्याशीच भिडतो. तो नाव विचारतो; रुस्तम सांगत नाही. पहिल्या कुस्तीत हरलेला बाप थाप मारून सुटतो आणि दुसऱ्या वेळी खंजीर खुपसतो. मग मुलाच्या दंडावरचा बाजूबंद दिसतो. अॅरिस्टॉटलने शोकांतिकेत ओळख पटण्याच्या क्षणाला केवढे महत्त्व दिले! इथे तो एका प्रहराने उशिरा येतो.

हाच किस्सा आगा हश्र काश्मिरींनी उर्दू रंगभूमीवर आणला. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'वरून 'सफेद खून' लिहिताना याच हश्रांनी शेवट गोड केला होता; सोहराबला मात्र वाचवले नाही. पुढे ते बोलपटांसाठी लिहू लागले आणि १९३५ साली वारले. पारशी कंपन्यांच्या रंगमंचावरची ती दणदणीत संवादफेक पडद्यावर आली ती अशा लेखकांबरोबर. १९६३ साली 'रुस्तम सोहराब' चित्रपट आला. पृथ्वीराज कपूर रुस्तम, प्रेमनाथ सोहराब, सुरैया तहमीना. दिग्दर्शक कोण? 'रणांगण' लिहिणारे, आमच्या वऱ्हाडातल्या अमरावतीत जन्मलेले विश्राम बेडेकर. ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते.

'शक्ति' (१९८२) सलीम-जावेद यांनी लिहिला. पोलीस बाप आणि वाट चुकलेला मुलगा ही जोडी त्याआधी तमिळ 'तंग पदक्कम'मध्ये (१९७४) येऊन गेली होती, आणि तेही मूळचे नाटकच. 'शक्ति'त दिलीपकुमार अमिताभला विमानतळावर गोळी घालतो. हा बाप मुलाला पुरते ओळखतो. ओळखत नाही ते त्याचे मन. लहानपणी गुंडांनी पळवून नेलेल्या मुलाने फोनवर बापाचे शब्द ऐकले: मुलगा मारलात तरी कर्तव्य सोडणार नाही. तिथून दोघांत बोलणे असे उरत नाही. मरताना मुलगा प्रेम कबूल करतो, बापही करतो. बाजूबंद दंडावरून काळजात गेला, एवढाच फरक. खलनायकाला आधी मारून शिट्ट्यांची सोय केली आहे, ती आम्हाला खटकते. त्या शेवटाला खलनायकाची गरजच नव्हती.

आम्ही बी.एड.ला जातो म्हटले, तेव्हा अब्बा सहा महिने बोलत नव्हते. त्यांना आम्ही दुकानात हवे होतो. त्याच दिवसांत टीव्हीवर 'शक्ति' लागला. दोघेही मुकाट्याने बघत होतो. विमानतळ आला तसे अब्बा उठले, "मोटर बघून येतो." शेतातली मोटर महिनाभरापासून जळालेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या पोराने पुन्हा विचारले, "सर, दवा थी ना?" होती. बादशहा कैकाऊसपाशी नोशदारू होते. रुस्तमने माणूस धाडला. पण बाप-लेक एक झाले तर आपले तख्त जाईल, या भीतीने कैकाऊसने ते दिले नाही. पोरगा म्हणाला, "फिर उसका क्या हुआ? उसको कौन मारा?"

कुणीच नाही. 'शाहनाम्या'त पुढची कितीतरी पाने कैकाऊस तख्तावरच बसलेला असतो.