जालपृष्ठसंचार, स्वयंचलित

जालपृष्ठसंचार, स्वयंचलित : संकेतस्थळ उघडणे, दुव्यावर टिचकी मारणे, यादीतून नोंद निवडणे, तक्त्यातील आकडा वाचणे इ. क्रिया माणसाऐवजी आज्ञावलीच्या द्वारे ब्राउझरकडून (न्याहाळकाकडून) करवून घेण्याचे तंत्र. संकेतस्थळांची चाचणी घेणे हा त्याचा मूळ हेतू होता. पुढे सार्वजनिक माहितीचे नियमित संकलन हाही त्याचा एक प्रमुख उपयोग ठरला. जालपृष्ठ हे माणसाच्या डोळ्यांसाठी रचलेले असते, तर यंत्राला त्याच्या अंतर्गत रचनेवरून मार्ग काढावा लागतो. या दोहोंमधील अंतर कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास म्हणजेच या साधनांचा इतिहास होय.

सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयाच्या काठच्या गावांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर म्हणतात. करमाळा तालुक्यातील केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, कंदर इ. गावांतील ऊस व केळी ही पिके मुख्यतः या पाण्यावर अवलंबून आहेत. जलाशयाचा एकूण साठा ११७.२३ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यांपैकी ६३.६६ टीएमसी मृत साठा व ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा मानला जातो. पाण्याची पातळी ४९१.०३ मी.च्या खाली गेली म्हणजे उपयुक्त साठ्याची टक्केवारी उणे चिन्हाने दर्शवितात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली उतरली होती. पाणी ओसरू लागले, की काठावरील शेतकऱ्यांना विद्युत्‌ मोटारी, केबली व जलवाहिन्या पाण्यामागे सरकवाव्या लागतात. त्यासाठी होणारा खर्च आणि उभ्या पिकाचा निर्णय हे दोन्ही साठ्याच्या आकड्याशी निगडित असतात. राज्याचा जलसंपदा विभाग धरणांतील साठ्याचे दैनंदिन आकडे संकेतस्थळावर प्रसिद्ध करतो. तथापि एका दिवसाच्या आकड्यापेक्षा अनेक दिवसांच्या आकड्यांचा क्रम अधिक उपयोगी असतो आणि तो जमविण्यासाठी तेच पृष्ठ रोज उघडून तीच नोंद टिपावी लागते. असे पुनरावृत्तीचे काम यंत्राकडे सोपविणे स्वाभाविक ठरते.

प्रारंभ : टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅचूसेट्‌स तंत्रविद्या संस्थेतील मॅथ्यू ग्रे यांनी जालाच्या वाढीचे मोजमाप करण्यासाठी ‘वर्ल्ड वाइड वेब वाँडरर’ ही आज्ञावली लिहिली. ती एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर आपोआप जात असे. अशा आज्ञावल्यांचा भार संकेतस्थळांवर पडू लागल्यामुळे १९९४ मध्ये मार्टाइन कॉस्टर यांनी एक संकेत सुचविला. त्यानुसार संकेतस्थळाचा चालक ‘रोबॉट्‌स’ नावाच्या छोट्या मजकूर-संचिकेत यंत्रांनी कोणत्या भागात जाऊ नये हे नमूद करतो. हा संकेत दीर्घकाळ केवळ परस्परसामंजस्यावर चालला आणि २०२२ मध्ये त्यास इंटरनेट अभियांत्रिकी कृतिदलाच्या प्रलेखात औपचारिक रूप मिळाले.

सुरुवातीची पृष्ठे स्थिर मजकुराची असल्याने ती केवळ उतरवून वाचणे पुरेसे होते. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली आणि पृष्ठ उघडल्यानंतर त्यातील मजकूर ब्राउझरमध्येच घडविणे शक्य झाले. २००५ च्या सुमारास ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. परिणामी पृष्ठ उतरवून घेतले, तरी त्यात पाहिजे तो आकडा सापडेनासा झाला. आकडा मिळविण्यासाठी प्रत्यक्ष ब्राउझर चालविणे आवश्यक ठरले.

विकास : ही गरज प्रथम चाचणीच्या क्षेत्रात भागविली गेली. २००४ मध्ये शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी अंतर्गत वापराच्या एका प्रणालीच्या चाचणीसाठी एक साधन तयार केले. त्यास पुढे ‘सेलेनियम’ हे नाव मिळाले. हे साधन पृष्ठाच्या आत जावास्क्रिप्ट घालून चाले. त्यामुळे एका संकेतस्थळावरील आज्ञावलीस दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचू न देणारे ब्राउझरचे सुरक्षाबंधन त्याच्या आड येई. सायमन स्ट्यूअर्ट यांच्या ‘वेबड्रायव्हर’ने निराळा मार्ग स्वीकारला व ब्राउझरला बाहेरून आज्ञा दिल्या. २००९ मध्ये हे दोन्ही प्रकल्प एकत्र आले आणि २०११ मध्ये सेलेनियमची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. ५ जून २०१८ रोजी वर्ल्ड वाइड वेब संघाने (डब्ल्यू३सी) वेबड्रायव्हरला मानक म्हणून मान्यता दिली. यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे ब्राउझर एकाच आज्ञासंचाने चालविणे सुकर झाले.

दरम्यान, पडद्यावर खिडकी न उघडता चालणारे ब्राउझर प्रचारात आले. आर्या हिदायत यांचे ‘फँटमजेएस’ (२०११) हे त्यांतील प्रमुख होय. २०१७ मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्येच ही सोय झाली व त्याच वर्षी ‘पपेटिअर’ हे साधन आले. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘प्लेराइट’ प्रसिद्ध केले.

रचना व कार्य : अशा साधनात प्रामुख्याने चार टप्पे असतात. प्रथम पृष्ठ उघडले जाते. नंतर इष्ट घटक शोधला जातो. त्यासाठी पृष्ठाच्या अंतर्गत रचनेचे वृक्षरूप उपयोगी पडते. तिसऱ्या टप्प्यात घटक तयार होईपर्यंत थांबून त्यावर क्रिया केली जाते आणि अखेरीस मिळालेला मजकूर तपासून साठविला जातो. उजनीचा साठा वाचावयाचा असल्यास पुणे विभाग निवडणे, उजनीची ओळ शोधणे व तीतील टक्केवारीचा रकाना वाचणे असा क्रम येईल. ‘पाचव्या ओळीतील सातवा रकाना’ असा निर्देश सोपा असला, तरी तक्त्यात एका धरणाची भर पडताच तो चुकतो. ‘उजनी हे नाव असलेली ओळ’ व ‘उपयुक्त साठ्याची टक्केवारी हे शीर्षक असलेला रकाना’ असा अर्थावर आधारित निर्देश अधिक टिकाऊ असतो.

दोष व दक्षता : पृष्ठाची रचना बदलल्यावर साधन बंद पडले, तर दोष लगेच ध्यानात येतो. त्यापेक्षा चुकीचा आकडा निमूटपणे नोंदविणारे साधन अधिक घातक असते. उणे चिन्ह संगणकात एकाहून अधिक संकेतांनी लिहिले जाते. साधनाला त्यांपैकी एकच ठाऊक असल्यास चिन्ह गळून पडण्याचा संभव असतो. उणे ५० टक्के म्हणजे जलाशयात सु. ३६.९ टीएमसी पाणी, तर अधिक ५० टक्के म्हणजे सु. ९०.४ टीएमसी. एका चिन्हाच्या गफलतीमुळे पडणारा हा फरक संपूर्ण उपयुक्त साठ्याएवढा आहे. त्यावर विसंबून काठावरील शेतकऱ्याने उसाची लागण केली, तर हानी त्याची होते, साधन रचणाऱ्याची नव्हे. म्हणून टक्केवारीचा पाण्याच्या पातळीशी मेळ घालणे, आदल्या दिवसाच्या आकड्याशी तुलना करणे, देवनागरी व रोमन अंक दोन्ही ओळखणे आणि शंका आल्यास नोंद रोखून माणसाकडे पाठविणे, या गोष्टी साधनाचे आवश्यक भाग ठरतात.

मर्यादा : सर्वच पृष्ठे यंत्रासाठी खुली नसतात. धरणग्रस्तांच्या दृष्टीने जमिनीचे अभिलेख अत्यंत महत्त्वाचे असतात. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. विनास्वाक्षरी उतारा पाहताना चित्रातील अक्षरे ओळखून लिहिण्याची अट असते. यंत्रांचा अनिर्बंध वापर रोखणे हा तिचा हेतू होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ नुसार, परवानगीवाचून संगणक प्रणालीतून माहिती काढून घेतल्यास भरपाईची जबाबदारी येते. धरणाचा साठा ही सार्वजनिक माहिती, तर सातबाऱ्यावर व्यक्तींची नावे असतात. हा भेद साधन रचणाऱ्याने पाळणे इष्ट असते.

२०२४ पासून भाषिक प्रतिमानांच्या आधारे स्वतः पृष्ठ वाचून मार्ग ठरविणारी साधने पुढे आली आहेत. त्यांतील काही साधने दृष्टिहीनांच्या वाचकयंत्रांसाठी पृष्ठात दिलेल्या नावांचा व शीर्षकांचा उपयोग करतात. यामुळे तक्त्यांना स्पष्ट शीर्षके देण्याची शिस्त दृष्टिहीन वाचक व स्वयंचलित साधने या दोहोंनाही उपकारक ठरली आहे. शासकीय विभागांनी असे आकडे यंत्रवाच्य स्वरूपात स्वतंत्रपणे उपलब्ध करून दिल्यास पृष्ठसंचाराची खटपट व तीतून संभवणाऱ्या चुका बऱ्याच अंशी टळू शकतात.