महाड नगरपरिषद

महाड नगरपरिषद ही महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्यातल्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) महाड शहराची स्थानिक स्वराज्य संस्था आहे. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात स्थापन झालेल्या जुन्या लहान नगरपालिकांपैकी ती एक. शहर लहान असले, तरी भारतीय स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात या संस्थेला वेगळे स्थान आहे. सार्वजनिक मालमत्ता कोणाची आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न येथील एका तळ्यावरून प्रथम नगरपालिकेच्या सभेत, पुढे रस्त्यावर आणि शेवटी उच्च न्यायालयात लढला गेला.

शहर व पार्श्वभूमी : महाड सावित्री नदीकाठी वसले असून गांधारी नदी शहराजवळच सावित्रीला मिळते. खाली बाणकोटपर्यंत भरतीचे पाणी खेळत असल्याने पूर्वी गलबते थेट गावापर्यंत येत. वरंध घाटाने भोर-पुण्याकडे जाणारा माल येथे चढत-उतरत असे. बंदर आणि घाटवाट या दोहोंमुळे येथे बाजारपेठ वाढली. दुर्गराज रायगड याच तालुक्यात आहे. पेशवाई संपल्यावर हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला आणि महाड हे तालुक्याचे ठिकाण झाले. व्यापारी पेठ, कचेरी, न्यायालय आणि शाळा एकत्र आल्याने रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई व पाणी यांची जबाबदारी घेणारी संस्था गरजेची ठरली.

स्थापना व कायद्याची चौकट : १८५० च्या कायद्याने, रहिवाशांची इच्छा असेल तेथे नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळाली. त्यानंतर मुंबई इलाख्यातील पेठेची गावे एकामागून एक या व्यवस्थेत आली. महाडची नगरपालिका १८६० च्या दशकातली. सुरुवातीच्या नगरपालिकांत सरकारी अधिकाऱ्यांचे वर्चस्व असे. सभासद नेमलेले आणि कारभार जिल्हाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. १८७३ च्या कायद्याने या संस्थांना निश्चित आकार दिला. लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव आणि त्यामागून आलेला मुंबईचा १८८४ चा कायदा यांनी लोकनियुक्त सभासदांना वाव दिला. पुढे १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम दीर्घकाळ कारभाराचा आधार राहिला.

मतदानाचा हक्क मात्र कर, मालमत्ता किंवा तत्सम पात्रता असलेल्यांपुरता होता. त्यामुळे गावाची साफसफाई ज्यांच्या श्रमांवर चाले, त्या अस्पृश्य मानलेल्या जातींना गावाच्या कारभारात जवळजवळ आवाज नव्हता. पुढील सर्व घटना समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १९०१ च्या अधिनियमातील ५० वे कलमही तितकेच महत्त्वाचे. सार्वजनिक तळी, विहिरी व रस्ते या कलमान्वये नगरपालिकेकडे निहित होत आणि त्यांचा विनियोग नगरपालिकेने विश्वस्त म्हणून करायचा होता.

चवदार तळ्याचा ठराव : चवदार तळे हे गावातील चार ते पाच एकरांचा जलाशय. त्याला काही नैसर्गिक झरे आहेत. पावसाचे वाहून आलेले पाणीही त्यात साठते. चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि त्यांपलीकडे प्रामुख्याने सवर्ण हिंदूंची, तर काही मुसलमानांची घरे होती. अनेक घरमालकांच्या पायऱ्या व बांध तळ्याच्या काठाला होते. अन्य धर्मीयांना आणि गुराढोरांनाही जे पाणी खुले होते, ते अस्पृश्यांना मात्र बंद होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात एक ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांना खुले असावेत, अशी ती शिफारस होती. सरकारने ती आपल्या खात्यांकडे अंमलबजावणीसाठी धाडली. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तिला अनुसरून ठराव केला आणि आपल्या ताब्यातील चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. इलाख्यातील बहुतेक स्थानिक संस्था स्वस्थ असताना एका लहान गावाच्या सभासदांनी हे पाऊल उचलले, याचे मोल कमी लेखता येत नाही. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस हे या सुधारणावादी प्रवाहाचे अग्रणी होते. पुढे १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले.

ठराव झाला, तरी व्यवहार तसाच राहिला. काठावरच्या वस्तीच्या दहशतीमुळे कोणी अस्पृश्य पाण्याला हात लावू शकला नाही. १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्याची मागणी होती.

सत्याग्रह व ठरावाची माघार : १९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, टिपणीस आदींनी तिच्या उभारणीसाठी परिश्रम घेतले होते. परिषदेला लागणारे पाणी त्या वेळी विकत घ्यावे लागले. २० मार्च रोजी प्रतिनिधी शिस्तीने मिरवणूक काढून तळ्यावर गेले आणि आंबेडकरांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. नगरपालिकेचा तीन वर्षांपूर्वीचा ठराव त्या दिवशी प्रथम अमलात आला, आणि तो अमलात आणला तो नागरिकांनी. थोड्याच वेळात, हे लोक वीरेश्वराच्या मंदिरातही शिरणार, अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले.

४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. करदात्या सवर्ण मतदारांचा रोष ओढवून घेण्याची तयारी सभागृहात उरली नव्हती. ज्यांच्या हक्काचा प्रश्न होता, ते त्या सभागृहात नव्हते. या माघारीनंतर आंबेडकरांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. १२ डिसेंबर रोजी काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या न्यायालयात दावा दाखल केला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषद भरली, त्या दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्याचा निर्धार मात्र न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला.

न्यायालयीन निर्णय : तळे खासगी असून ते वापरण्याचा हक्क परंपरेने फक्त सवर्ण हिंदूंचा आहे, असे वादींचे म्हणणे होते. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला. एका वर्गाने पाणी वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने पहिल्याला दुसऱ्याला वगळण्याचा हक्क मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ठाण्याच्या अपिलातही वादी हरले. मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या खटल्यात अखेरचा निर्णय दिला. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी कोणी इतरांना पाण्यापासून हटवत असेल, हे संभवनीय वाटत नाही. म्हणून ही रूढी अनादी असल्याचे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला होता. तळ्याचे सार्वजनिक स्वरूप मात्र तिच्या बहुमताने बदलणारे नव्हते. स्थानिक संस्था ही सार्वजनिक मालमत्तेची मालकीण नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व महाडच्या इतिहासातून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच कोठे होत असेल.

स्वातंत्र्योत्तर काळ : भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने, राज्याच्या निधीतून राखलेल्या किंवा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई केली. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. महाडमध्ये ठरावाच्या रूपाने मांडली गेलेली आणि मागे घेतली गेलेली गोष्ट आता कोणत्याही स्थानिक बहुमताच्या आवाक्याबाहेर गेली. प्रौढ मताधिकारामुळे मतदारसंघाची घडणही पालटली.

मुंबई, विदर्भ व मराठवाडा येथील वेगवेगळे कायदे एकत्र करून महाराष्ट्राने नगरपालिकांसाठी १९६५ चा अधिनियम केला. लोकसंख्येनुसार अ, ब व क असे नगरपरिषदांचे वर्ग पडले. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी आरक्षण या गोष्टींना घटनेचा आधार दिला. राज्यात महिलांचे आरक्षण २०११ पासून निम्म्या जागांपर्यंत गेले.

रचना व कार्ये : प्रभागांतून निवडलेले नगरसेवक, नगराध्यक्ष व उपनगराध्यक्ष हे लोकनियुक्त अंग, राज्य शासनाने नेमलेला मुख्याधिकारी हा प्रशासकीय प्रमुख. स्थायी व विषय समित्यांमार्फत पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, बांधकाम परवानग्या, रस्ते, दिवाबत्ती, बाजार यांचे काम चालते. घरपट्टी, पाणीपट्टी व शासकीय अनुदाने ही उत्पन्नाची मुख्य साधने. पूर्वी पेठेच्या गावांना जकातीचा मोठा आधार होता. ती बंद झाल्यापासून लहान नगरपरिषदांचे शासनावरील अवलंबित्व वाढले.

सावित्री-गांधारीचा पूर आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की सखल पेठेत पाणी भरते. २००५ व २०२१ च्या जुलैमधील महापुरांनी गाळ, कचरा व पिण्याचे पाणी यांची व्यवस्था करणाऱ्या यंत्रणेची कसोटी पाहिली. २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. वाढत्या शहरात बांधकामाच्या परवानगीवर आणि दर्जावर देखरेख ठेवणे हे जीविताशी निगडित काम आहे, हे त्या दुर्घटनेने राज्याला दाखवून दिले.

तळे आज : चवदार तळे आज बांधीव काठांचे असून तेथे डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे. शहरात क्रांतिस्तंभ व राष्ट्रीय स्मारकही आहे. दरवर्षी २० मार्चला देशभरातून मोठा जनसमुदाय येथे येतो. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला पिण्याचे पाणी, स्वच्छता व निवारा मिळावा, ही व्यवस्था नगरपरिषद आणि शासन मिळून करतात. १९२७ च्या परिषदेला पाणी विकत घ्यावे लागले होते; त्यामुळे या शहरात आलेल्यांना पाणी देणे हे नगरपरिषदेच्या कर्तव्यांतील सर्वांत मोलाचे कर्तव्य मानले पाहिजे.