बोरसीची पाखरे आणि अजबबंगल्याची यादी

पक्षिनिरीक्षण म्हटले की घनदाट अरण्य, दुर्बीण आणि शिकारी टोपीतला साहेब अशी त्रयी डोळ्यांपुढे उभी राहते. इतिहास मात्र निराळा आहे. या व्यासंगाला आपल्या देशात संस्थेचे बळ लाभले ते मुंबईच्या भर वस्तीत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. त्या आठांत दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. संतांची व नाटककारांची नावे आपल्या मुखी सदैव असतात. या दोन डॉक्टरांची क्वचितच येतात, हे खेदाने म्हणावे लागते.

आठांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म साताऱ्याचा. मुंबईच्या नित्य दिसणाऱ्या पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक १९०० साली निघाले. त्यात दुर्मीळ पाखरांचा सोस नाही. घार, कावळा, गिधाड यांचाच थाट आहे.

आमची बोरसी त्या काळी मध्यप्रांतात होती आणि राजधानी होती नागपूर. तेथील मध्यवर्ती संग्रहालयाचे, म्हणजे नागपूरकरांच्या अजबबंगल्याचे, डी'आब्रेउ यांनी मध्यप्रांतातील पक्ष्यांची यादी सिद्ध केली. ती १९३५ साली सोसायटीच्याच नियतकालिकात छापली गेली. भिलईची पहिली झोतभट्टी सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. म्हणजे पोलादनगरी वसण्यापूर्वी या प्रांतात कोणती पाखरे होती, याची साक्ष उपलब्ध आहे. नंतरची साक्ष कोणी द्यावयाची?

कारखान्यापाठोपाठ मराठी कुटुंबे येथे आली ती चिऊकाऊच्या गोष्टी घेऊन. बाकीची पाखरे आम्हांला शेजाऱ्यांनी ओळखून दिली. पोपट येथे सुआ झाला आणि दिवाळीच्या सुमारास बायकांच्या सुआनाचात टोपलीत विराजमान झाला. बगळा कोकडा झाला. दसऱ्याला आम्ही आपट्याचे सोने वाटावे, तर शेजारी नीलकंठाच्या दर्शनासाठी आकाश धुंडाळीत असावेत. तोच आपला नीलपंख, हे आमच्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल? सीमेपलीकडे नवेगावबांधला राहून मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची लोकनामे जपली. २०२५ साली ते निवर्तले.

गिधाडांची कथा तर ताजी आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत देशभरातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याला कारण ठरले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर फार उशीर झाला होता. गावोगावी शेवटचे गिधाड कधी दिसले, हे कोणी लिहून ठेवले नाही. रोजच्या पाखराची कोण नोंद करतो!

बोरसीच्या आसपास तळी आणि धानाची खाचरे अद्याप शिल्लक आहेत. तेथे पाणकावळा पंख पसरून वाळवीत बसतो, खंड्या सूर मारतो, रात्री टिटवी ओरडते. मंडळाच्या ग्रंथालयात या वर्षापासून एक कोरी वही ठेवली आहे. तीत तारीख, स्थळ, पक्ष्याचे मराठी नाव आणि शेजारी छत्तीसगढी नाव, असे चार रकाने आखले आहेत.