म्युनिसिपालिटीतले जोतीराव

१८८२च्या ऑक्टोबरात हंटर शिक्षण आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी स्वतःची ओळख दिली ती अशी: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, राहणार पेठ जुना गंज. त्या काळी म्युनिसिपल कमिशनर म्हणजे आजच्या भाषेत नगरसेवक. १८७६ ते १८८२ अशी सहा वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शाळा, सत्यशोधक समाज आणि ‘गुलामगिरी’ यांच्यापुढे चरित्रकारांना हा काळ किरकोळ वाटत आला आहे. खरं तर सार्वजनिक पैसा कुठे जातो आणि कुठे जायला हवा, हे जोतीरावांनी कुठल्या तत्त्वचर्चेत न शिरता, ठरावावर हात वर करून किंवा न करून सांगितलं ते याच काळात.

तेव्हाच्या नगरपालिकेला लोकांनी निवडून दिलेलं नव्हतं. सभासद सरकार नेमत असे, आणि नेमणूक व्हायची ती प्रतिष्ठितांची. सभेत बसणाऱ्यांचा कल सरकारला रुचेल तेच बोलण्याकडे असणार, हे उघड आहे.

१८८०मध्ये गव्हर्नर जनरलच्या पुणे भेटीचा विषय सभेपुढे आला. शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करावेत, असा अध्यक्षांचा प्रस्ताव होता. जोतीरावांनी सुचवलं, की हा पैसा पुण्यातल्या गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावा. ठराव मताला टाकला गेला. सभासद बत्तीस, आणि विरोधात पडलेलं मत एक. नुकताच १८७६-७८चा भीषण दुष्काळ होऊन गेला होता. १८७७च्या मे महिन्यात सत्यशोधक समाजाच्या वतीने मदतीचं आवाहन करून जोतीरावांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी आश्रम चालवला होता. ज्याने त्या मुलांच्या पंगती पाहिल्या, त्याला कमानी आणि पताकांवरचे हजार रुपये सहन कसे व्हावेत?

त्याच वर्षी १८ जुलैला त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळाचे हंगामी अध्यक्ष प्लंकेट यांना शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविषयी पत्र लिहिलं. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी पैसे मोजते आणि दुसरीकडे दारू तेच आरोग्य बुडवते, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. या मुद्द्यात सोवळेपणाचा उपदेश नाही, हिशेब आहे.

मंडईसाठी इमारत बांधायलाही त्यांचा विरोध होता, आणि सभासदांपैकी हरी रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूने होते. बाजार तेव्हा शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. लाखांची इमारत बांधण्याआधी शिक्षणाकडे बघा, असं त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. १८८६मध्ये तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ‘महात्मा फुले मंडई’ झाली. या प्रश्नावर जोतीरावांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. पावसाचिखलात बसून भाजी विकणाऱ्यांना छप्पर हवंच होतं. पण आधी काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

हंटर आयोगाला तर त्यांनी सरळ सांगितलं, की मोठ्या शहरांत प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकांनी उचलावा. मात्र कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, देखरेख शिक्षण खात्याची असावी. स्वतः सभासद असलेला माणूस हे सांगतो, तेव्हा आतून काय पाहिलं असेल याचा अंदाज येतो.

पाणी हा त्यांचा जुना विषय. पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजचं पाणी बंदिस्त नळाने शहरात आणून ठिकठिकाणी हौद बांधले होते. पाणी होतं, पण ते कुणी भरायचं हे जात ठरवत असे. १८६८मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. नगरपालिकेची खुर्ची मिळण्याच्या आठ वर्षं आधी.

शहराबाहेरचं पाणीही त्यांनी जवळून पाहिलं. ते कंत्राटदार होते, आणि १८७९मध्ये पुरं झालेलं खडकवासल्याचं धरण त्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. मुठा कालव्याचं पाणी शेतीला घ्यायला शेतकरी कचरत होते, तेव्हा त्यांनी मांजरीला जमीन घेऊन कालव्यावर बागायत करून दाखवली.

हा सगळा अनुभव १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये उतरला. शेवटच्या प्रकरणातल्या सूचना आजही कुणा सरपंचाने जवळ ठेवाव्यात अशा आहेत. लष्कर-पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे वळवाचं पाणी शेताशेतांतून मुरेल आणि मगच ओढ्यानाल्याला जाईल. दऱ्याखोऱ्यांत तळी-तलाव करावेत. पाणाड्यांकडून झऱ्यांचा शोध घ्यावा. नदी-तलावातला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्यावा. जंगल खात्याने घशात घातलेली गायरानं गावांना परत करावीत. सरपण न्यावं, पण विकण्यासाठी इमारती लाकूड तोडू नये. डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचं शेण पावसाबरोबर वाहत येऊन खालच्या शेतांना सत्त्व देतं, म्हणून डोंगर आणि शेत वेगळे काढता येत नाहीत, हे त्यांना दिसलं होतं. कालव्याची पट्टी घेणाऱ्या खात्याने पाणी वेळेवर आणि मापाने दिलं पाहिजे, हाही त्यांचा आग्रह.

पाणी कुणाला, हा जोतीरावांचा प्रश्न पुढेही संपला नाही. फुल्यांच्या घराण्याचं गाव खानवडी पुरंदर तालुक्यात आहे. १९७२च्या दुष्काळानंतर त्याच तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटलं जायचं, भूमिहीनालाही हिस्सा होता आणि ऊस लावायला बंदी होती.