प्रार्थना आणि सूड : ‘अंकुश’च्या ग्रहणाचा इतिहास

लोकप्रिय चित्रपटाचा इतिहास लिहिताना संहितेचा, दिग्दर्शकाचा आणि फार तर गल्ल्याचा विचार होतो. प्रेक्षकांनी तो चित्रपट पुढे कोणत्या रूपात सांभाळला, हा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. एन. चंद्रा यांच्या ‘अंकुश’ (१९८६) या भाषेने हिंदी पण घडणीने मराठी अशा चित्रपटाच्या संदर्भात मात्र तो टाळता येत नाही. कायदा हाती घेणाऱ्या चार बेकार तरुणांच्या या कथेचा निष्ठावान प्रेक्षकवर्ग जवळपास चार दशके टिकून आहे. त्याच चित्रपटातील एक प्रार्थना महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या परिपाठात म्हटली जाते. त्या प्रार्थनेतील एक मागणे असे की मनात सूडाची भावना नसावी. एकाच कृतीतून निघालेले हे दोन वारसे एकमेकांना जणू ओळखतच नाहीत.

कथानक थोडक्यात असे : रवी, शशी, अर्जुन आणि लाल्या हे नाक्यावर उभे राहून दिवस काढणारे तरुण. वस्तीत राहायला आलेल्या अनिता नावाच्या तरुणीमुळे ते हळूहळू माणसांत येऊ लागतात. तिच्यावर मालक आणि त्याचे साथीदार बलात्कार करतात, न्यायालय त्यांना निर्दोष सोडते, ती आत्महत्या करते आणि चौघे त्या गुन्हेगारांना ठार मारतात. ते सुटत नाहीत. त्यांच्या वाट्याला फाशी येते. जो कायदा आधी पुराव्याअभावी हतबल होता, तो या वेळी तत्परतेने आपले काम करतो.

चंद्रा यांनी गुलजार यांच्या हाताखाली उमेदवारी केली होती, आणि ‘अंकुश’चा सांगाडा गुलजारांच्या ‘मेरे अपने’ (१९७१) वरून घेतलेला आहे. ‘मेरे अपने’ हाही तपन सिन्हा यांच्या ‘आपनजन’ (१९६८) या बंगाली चित्रपटाचा हिंदी अवतार. या परंपरेतील बदल पाहण्यासारखा आहे. आधीच्या दोन्ही चित्रपटांत भरकटलेल्या पोरांच्या मध्ये एक वृद्धा उभी असते आणि त्यांच्याच मारामारीत तिचा बळी जातो. तिचा मृत्यू पोरांना अपराधी ठरवतो. ‘अंकुश’मध्ये वृद्धेच्या जागी तरुण स्त्री येते, तिचा नाश बाहेरचे पुरुष करतात, आणि पश्चात्तापाची जागा सूड घेतो. अपराध गटाच्या बाहेर ढकलला गेला की गट निर्मळ होतो. या चित्रपटाला जो भक्तवर्ग लाभला, त्याचे मूळ या बदलात शोधावे लागेल.

हा बदल त्या काळात का शक्य झाला, याचे उत्तर मुंबईत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही; विरत गेला. ‘अंकुश’ संपाची कथा सांगत नाही, पण वडिलांची नोकरी मुलाकडे येईल ही खात्री नाहीशी झाल्यानंतरचा नाका तो दाखवतो. ‘जंजीर’ (१९७३) चा नायक एकटा होता आणि त्याच्याकडे निदान गणवेश तरी होता. अमेरिकेतील ‘डेथ विश’ (१९७४) चा नायक तर व्यवसायाने वास्तुविशारद. ‘अंकुश’ने सूडाचा अधिकार ज्यांच्याकडे काहीच नाही अशा टोळक्याकडे सोपवला, ही त्याची खरी नवलाई.

मराठी रंगभूमीशी असलेला त्याचा संबंध अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘अंकुश’च्या काही वर्षे आधी जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’ या नाटकात नाना पाटेकर यांनी गुलाबराव हा बलात्कारी पुढारी उभा केला होता. त्या नाटकात गुलाबरावाला शिक्षा करते ती अंबिका स्वतः. तोच नट पडद्यावर रवी होऊन आला तेव्हा शिक्षा करण्याचे काम पुरुषांकडे गेले आणि स्त्री मृत झाली. चंद्रा यांनी पुढच्याच वर्षी ‘प्रतिघात’मध्ये (१९८७) कुऱ्हाड स्त्रीच्या हाती दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तथापि तोही ‘प्रतिघटना’ (१९८५) या तेलुगू चित्रपटाचा अनुवाद.

न्यायालयातील सुटकेच्या प्रसंगालाही महाराष्ट्रातच पूर्वपीठिका होती. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे १९७२ साली पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडले. त्यावर १९७९ मध्ये चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या चळवळीने सूड मागितला नव्हता. पुराव्याचा भार, संमतीचा अर्थ, सुनावणीची पद्धत असे रुक्ष वाटणारे प्रश्न तिने लावून धरले होते. ‘अंकुश’ने या इतिहासातून संताप तेवढा घेतला, त्यामागची चिकाटी घेतली नाही. पडद्यावर चिकाटी दाखवणे अवघड असते हे खरे, पण जे सोडले गेले त्यात स्त्रीचे जिवंत राहणेही होते.

शीर्षकाकडेही पाहावे. अंकुश हे गणपतीच्या हातातील आयुध, हत्तीला आवरणारे. येथे आवरायचे कोणाला, मस्तवाल मालकाला की बेभान पोरांना? चित्रपट दोन्ही अर्थ उघडे ठेवतो; भक्तवर्गाने पहिलाच घेतला.

गिरणगावाबाहेर या अर्थाचे काय होते, हे तपासण्यासाठी बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्यासारखे गाव डोळ्यांसमोर आणावे. धुळे-सोलापूर महामार्गावरील या गावाहून केज-अंबाजोगाईकडे रस्ता फुटतो. नाक्यावरचा तरुण शहर बंद पडल्यामुळे रिकामा झालेला असतो. अशा फाट्यावर उभ्या असलेल्याला मुळात गावच सोडायचे असते. हा ऊसतोडीसाठी दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडणारा जिल्हा, आणि १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनापासून रोजगाराचा प्रश्न येथे राजकारणाच्या केंद्राशी आहे. ‘अंकुश’मधली बेकारी समजायला येथे गिरणी पाहिलेली असण्याची गरज नाही. चौघांची मैत्री मात्र परकी वाटावी. गावात सूडाला भावकी असते, जात असते. चार मित्र केवळ मित्र म्हणून कोणाचा जीव घेतील ही कल्पना शहरी आहे. दळवींनी ‘पुरुष’मध्ये सिद्धार्थ या दलित कार्यकर्त्याला मध्यभागी आणून हा प्रश्न निदान उभा केला होता.

सूडनायकाचा वर्ग पुढे बदलला. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) बॅट घेऊन निघणारा माधव आपटे हा बँकेतला नोकरदार आहे. त्याला नोकरी आहे, घर आहे, आणि त्याचा संताप पाण्याच्या टँकरपासून लाचेपर्यंत पसरलेला आहे. आपटेला नाका नाही, सोबती नाहीत.

राहता राहिली प्रार्थना. अभिलाष यांचे शब्द, कुलदीप सिंह यांचे संगीत, पुष्पा पागधरे आणि सुषमा श्रेष्ठ यांचे स्वर. चित्रपटात ती पोरांच्या आयुष्यावर धरलेला खराखुरा अंकुश आहे, आणि कथानक तिला हरवते. शाळेने तिला कथानकातून सोडवून घेतले. बलात्कार, खून आणि फाशी यांच्या मध्ये ती होती, ही गोष्ट परिपाठाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांना सांगितली जात नाही, आणि सांगण्याचे प्रयोजनही नाही. दुसरीकडे, पाटेकरांचे संवाद तोंडपाठ असणारा चाहता त्या प्रार्थनेच्या वेळी क्वचितच काही म्हणतो. सूड नसावा असे मागणाऱ्या ओळींना चित्रपटगृहात टाळी पडत नाही. त्या शाळेच्या पटांगणात, हात जोडून, अर्थाकडे फारसे लक्ष न देता म्हटल्या जातात.